झाडपाल्याची परीक्षा



चीन आणि महाराष्ट्र ही दोन नावे एकत्र आली की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते चीनला गेले आणि तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. शाळकरी मुलालाही हे नाव माहीत असते. मनसुख वाणी हे नाव मात्र या सभागृहात किती जणांनी ऐकले असेल? वाणी मूळचे नंदुरबारचे. चीनशी त्यांचा संबंध आला तो एका झाडामुळे. त्या झाडातून निघालेली औषधे आज जगभरच्या कर्करोग रुग्णालयांत रोज वापरली जातात, मुंबईच्या टाटा रुग्णालयातही. परंपरेने जपलेल्या झाडपाल्याचे औषध कसे होते, कधी होते आणि कधी होत नाही, हा आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय आहे. त्याची सुरुवात या खानदेशी रसायनशास्त्रज्ञापासून करणे योग्य ठरेल.

वाणींचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ चा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण झाले, पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि १९६२ साली ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पुढची कित्येक दशके या दोघांनी एकत्र काम केले. वॉल २००२ साली गेले, वाणी एप्रिल २०२० मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी.

चिनी झाडाची गोष्ट मात्र वाणी तिथे पोहोचण्यापूर्वीच सुरू झाली होती. १९५० च्या दशकात वॉल अमेरिकेच्या कृषी खात्यात होते आणि कॉर्टिझोन तयार करण्यासाठी लागणारा कच्चा माल वनस्पतींत सापडतो का, हे शोधत होते. त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क काढले जात. त्यातले सुमारे हजार अर्क त्यांनी राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासायला पाठवले. त्यांत कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी झाडाच्या पानांचा अर्क होता. चीनमध्ये या झाडाला शी शू म्हणतात. कृषी खात्याने त्याची काही झाडे कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या बागेत वाढवली होती. कॉर्टिझोनच्या दृष्टीने त्या पानांत काहीच नव्हते. उंदरांमधल्या कर्करोगावर मात्र तो अर्क विलक्षण प्रभावी ठरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण परंपरेच्या अभिमानात ती अनेकदा झाकली जाते. या झाडाचे औषधी उपयोग चीनमध्ये सांगितले जातात. पण वॉल यांनी ते निवडले ते कुठल्या चिनी ग्रंथावरून नव्हे. हजार अर्कांच्या रांगेत तोही एक अर्क होता. वनस्पती थोर असते, परंपराही थोर असू शकते, पण एकीच्या थोरवीवरून दुसरीची सिद्ध होत नाही.

वॉल आणि वाणी यांची पद्धत सांगायला सोपी, करायला अतिशय चिवट. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांना द्यायचा, ज्या भागाने उंदीर जास्त जगतात तेवढाच पुढे न्यायचा, त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असे करत करत अखेर एकच शुद्ध, स्फटिकरूप पदार्थ हाती उरतो. तो होता कॅम्प्टोथेसिन. त्याची रचना १९६६ साली प्रसिद्ध झाली. याच पद्धतीने त्यांनी पॅसिफिक यू या अमेरिकी झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळे केले आणि १९७१ साली त्याची रचना जाहीर केली. एका प्रयोगशाळेने, त्याच दोन माणसांनी, कर्करोगावरच्या औषधांची दोन घराणी जगाला द्यावीत, असे उदाहरण विरळाच.

घराणी खरी, पण ती लगेच नांदू लागली नाहीत. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही; मग शिरेतून द्यायचे कसे? त्याचे सोडियमयुक्त, विरघळणारे रूप तयार करून रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. अस्थिमज्जा खचू लागली, मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या चाचण्या थांबल्या. कारण नंतर उलगडले. विरघळणारे रूप तयार करताना रेणूतले एक कडे उघडले जात होते आणि औषधाची सगळी शक्ती त्याच बंद कड्यात होती. आम्लधर्मी मूत्रात ते कडे पुन्हा मिटे आणि नेमके मूत्राशयात औषध जागे होई. जिथे हवे तिथे निष्क्रिय आणि जिथे नको तिथे विखारी.

पुढची तेरा-चौदा वर्षे हा रेणू जवळजवळ अडगळीत होता. १९८५ साली लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कॅम्प्टोथेसिन पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या एकाच विकराला धरते. डीएनएचे धागे घट्ट पिळलेल्या सुंभासारखे असतात. पेशी विभागताना तो पीळ सुटावा लागतो, म्हणून हे विकर एक धागा कापते, पीळ मोकळा करते आणि कापलेली टोके पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या कापण्या-जोडण्याच्या मधल्या क्षणी विकराला तिथेच अडकवून ठेवते. भराभर विभागणाऱ्या कर्कपेशीला ते सोसत नाही. औषध काय करते हे कळल्यावर सुधारित रेणू तयार करता आले. इरिनोटेकानला जपानमध्ये १९९४ साली परवानगी मिळाली. अमेरिकेत टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन्ही औषधे १९९६ साली आली. पहिले बीजांडकोशाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. रचना कळल्यापासून औषध हाती यायला जवळजवळ तीस वर्षे लागली. स्तनाच्या कर्करोगासाठी २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान या औषधातला मारक भागही याच कुळातला आहे.

आता या गोष्टीतला आपला, सह्याद्रीचा भाग. मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते आणि त्याचे प्रमुख होते टी. आर. गोविंदाचारी, भारतातल्या वनस्पती-रसायनशास्त्राचे मोठे नाव. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी जाहीर केले की पश्चिम घाटातल्या एका झाडात कॅम्प्टोथेसिन आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आहे. त्या झाडाचे तेव्हाचे शास्त्रीय नाव मॅपिया फोएटिडा, आजचे नोथापोडायटिस निम्मोनिआना. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याला नरक्या म्हणतात, कुठे घाणेरा, कुठे अमृता. वास उग्र, लाकूड मऊ, सरपणालाही कोणी फारसे विचारत नसे असे हे झाड.

इरिनोटेकान बाजारात आले आणि नरक्याचे दिवस फिरले. कच्च्या मालाची मागणी परदेशातून आली. घाटातले नरक्याचे बुंधे तोडून, ढलप्या करून पोत्यांत भरले जाऊ लागले. सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या जंगलपट्ट्यात नरक्याची चोरटी तोड आणि वनखात्याने पकडलेले साठे ही बातमी नेहमीची झाली. तोडणाऱ्याला मिळणारी मजुरी आणि त्यातून तयार होणाऱ्या इंजेक्शनची किंमत यांतले अंतर कुणालाही अस्वस्थ करील. रेणूची रचना उलगडणारा माणूस खानदेशचा, घाटातल्या झाडात तो रेणू शोधणारी प्रयोगशाळा मुंबईची, झाड सह्याद्रीचे. तरी औषध जपानमध्ये आणि अमेरिकेत घडले आणि आपल्या वाट्याला ढलप्यांची पोती आली. बुद्धी किंवा वनसंपदा कमी होती असे कोणी म्हणणार नाही. शोध आणि औषध यांच्यामध्ये जी पंचवीस-तीस वर्षांची कंटाळवाणी, खर्चिक, अपयशाने भरलेली वाट असते, तिच्यावर चालत राहण्याची व्यवस्था आपण उभी केली नाही. २००५ साली जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीच कॅम्प्टोथेसिन तयार करते असे दाखवले. झाड न तोडता औषध मिळवण्याची ती एक दिशा होती. अशा दिशा आपल्याकडे दिसतात. त्या दिशांनी टिकून चालणारे कमी पडतात.

चीनने ती वाट एकदा तरी पुरी चालून दाखवली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात मलेरियाने सैनिक मरत होते, म्हणून २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या तू यूयू यांनी जुने ग्रंथ आणि वैद्यांच्या वह्या चाळल्या. छिंगहाव, म्हणजे आर्टेमिसिया वर्गातली एक वनस्पती, तापावर देतात हे त्यांना ठाऊक होते, पण प्रयोगात तिचा गुण कधी दिसे, कधी दिसत नसे. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले होते; उकळायला नव्हे. उष्णतेने गुण जात असेल का, असा प्रश्न तू यूयू यांना पडला आणि त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतला मलेरिया पूर्णपणे थोपवला. रुग्णांना देण्याआधी तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रसंगात जुन्या ग्रंथाने शास्त्रज्ञाला उत्तर दिले नाही. नेमका प्रश्न दिला. उत्तर १९१ व्या नमुन्याने दिले, आणि आधीच्या अनेक अपयशी नमुन्यांची नोंद नीट ठेवली होती म्हणून ते ओळखता आले.

याच चिनी परंपरेची दुसरी बाजू ब्रुसेल्समध्ये दिसली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वजन कमी करण्यासाठी तिथल्या एका दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत १९९० साली दोन चिनी वनस्पती घालायला सुरुवात झाली. १९९३ साली 'लॅन्सेट'मध्ये बातमी आली की तरुण बायकांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होत आहेत. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. शोध घेतल्यावर कळले की फांग-ची या नावाने जी मुळी हवी होती तिच्याऐवजी तशाच नावाची दुसरी मुळी, ॲरिस्टोलोकिया कुळातली, पुरवली गेली होती. तिच्यातले ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड जाळते आणि कर्करोगही घडवते. ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, त्यांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग सापडला.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्याकडची सापसण आठवावी. विंचू-सापाच्या विषावर वैदू जिची मुळी उगाळून देतात ती सापसण म्हणजे ॲरिस्टोलोकिया इंडिका. तेच कूळ, तेच आम्ल. पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे म्हणून ती निर्धोक आहे असे समजण्यात एक मोठी चूक आहे. मुळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर ती परंपरेच्या लक्षात राहते. दहा-पंधरा वर्षांनी मूत्रपिंड खचले तर तो संबंध कुठल्याही वैदूला, कितीही हुशार असला तरी, जोडता येत नाही. तो जोडायला नोंदी लागतात, तुलना लागते, शेकडो माणसांची माहिती एकत्र ठेवणारे कोणीतरी लागते. वैदूच्या निरीक्षणशक्तीचा हा अपमान नव्हे. एका माणसाच्या नजरेला असलेली ती मर्यादा आहे, आणि शहरातल्या एकट्या डॉक्टरलाही ती तितकीच लागू होते.

आता गुळवेल. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे, कारण गुळवेल आपल्या घरातली आहे. कडुनिंबावर चढलेली गुळवेल सर्वांत चांगली असे आपल्याकडे मानतात. ताप उतरत नसला की तिचा काढा, तिचे सत्त्व हे कुणाला नवे नाही. या वेलीला तिची योग्य ती परीक्षा मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात मिळाली. डॉ. शरदिनी डहाणूकर तिथे औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. झाडाफुलांवरच्या त्यांच्या ललितलेखनामुळे मराठी वाचक त्यांना ओळखतात. पण त्यांचे प्रयोगशाळेतले काम त्याहून मोलाचे आहे, असे इथे ठामपणे म्हणायला हवे. आयुर्वेदातल्या रसायन औषधांचा शरीराच्या प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, हा त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न होता.

त्यासाठी त्यांनी निवडलेला आजार पाहावा. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडली की पित्त तुंबते, कावीळ होते. अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि शस्त्रक्रियेनंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरून तो दगावतो. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण जातो, ही शल्यविशारदांची जुनी व्यथा. शल्यविशारद डॉ. रवी बापट यांच्या सहभागाने तीस रुग्णांची चाचणी झाली. एका गटाला नेहमीचे उपचार: तुंबलेले पित्त बाहेर काढणे, प्रतिजैविके, के जीवनसत्त्व. दुसऱ्या गटाला हे सगळे आणि जोडीला गुळवेलीचा अर्क, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १६ मिलिग्रॅम. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांना रक्तातला जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के वाचले, दुसऱ्यातले ९२.४ टक्के. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले.

तीस रुग्ण म्हणजे लहान गट. एवढ्यावर कोणी साऱ्या देशाला गुळवेल पाजू नये, आणि करणाऱ्यांनी तसे म्हटलेही नाही. पण हे काम जितके वेळा वाचावे तितका त्याबद्दलचा आदर वाढतो. वनस्पती कोणती ते निश्चित. अर्क किती, कोणाला, किती दिवस ते निश्चित. तुलनेला दुसरा गट. आणि तपासलेला परिणाम 'बरे वाटले' असा मोघम नव्हे. माणूस जगला की नाही, हा. या चाचणीच्या पाठोपाठ आणखी मोठ्या, अनेक रुग्णालयांतल्या चाचण्या व्हायला हव्या होत्या. तेवढ्या जोमाने त्या झाल्या नाहीत याची खंत वाटते.

मग २०२० आले. करोनाच्या भीतीत प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली घरोघरी काढे उकळू लागले आणि गुळवेलीला अपार मागणी आली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्ण पाहिले, सर्वांना कावीळ, सर्वांनी गुळवेल घेतलेली. त्यांतला एक रुग्ण दगावला. डॉ. आभा नागरल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ही माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वेल नक्की गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा? हा आक्षेप रास्त होता. ब्रुसेल्समध्ये मुळीच्या अदलाबदलीनेच घात केला होता. पुढच्याच वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि प्रश्न अधिक गंभीर झाला. अनेकांच्या यकृतात दिसलेली लक्षणे शरीराच्या प्रतिकारसंस्थेने स्वतःच्याच यकृतावर चाल केल्यासारखी होती.

केईएमची चाचणी आणि ही प्रकरणे शेजारी ठेवली की गुळवेलीचे भक्त आणि विरोधक दोघांनाही थांबून विचार करावा लागतो. प्रतिकारसंस्थेला जागे करणे हाच जर गुळवेलीचा गुण असेल, तर पित्त तुंबून झालेल्या काविळीत खचलेल्या रुग्णाला तो वाचवू शकतो. आणि ज्याच्या शरीरात ती संस्था आधीच स्वतःवर उलटण्याच्या बेतात आहे, त्याला तोच गुण अपाय करू शकतो. एकाच वेलीचा एकच गुण, दोन वेगळी शरीरे. आयुर्वेदाला हे परके नाही. प्रकृती, मात्रा, काल पाहून औषध द्यावे असे तो सांगतच आला आहे. परके आहे ते दुकानातून बाटली आणून, कुणालाही न विचारता, घरातल्या सगळ्यांनी महिनोन्‌महिने तीच पिणे. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना मिळवण्यासाठी रुग्णचाचणीचा पुरावा द्यावा लागत नाही, हा आपला नियम. वैद्य समोर बसून नाडी पाहून मात्रा ठरवीत होता तेव्हा तो नियम समजण्यासारखा होता. आता बाटली वैद्याला वगळून थेट घरात येते.

नगरला हे सांगण्यामागे कारण आहे. याच शहरात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालयाचा पाया घातला. औषधींच्या गुणधर्मांवरचा त्यांचा मराठी ग्रंथ वैद्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरला. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. अकोल्याच्या डोंगरांत, हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या परिसरात, महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे आजही बाळहिरडा वेचून, वाळवून विकतात. मोठी रुग्णालये लोणीलाही आहेत आणि नगरमध्येही. एका जिल्ह्यात रान, शेती, आयुर्वेदाचे शिक्षण आणि आधुनिक रुग्णालये इतक्या जवळ असणे ही दुर्मिळ सोय आहे.

या सोयीचा उपयोग करायला परदेशी निधीची किंवा नोबेलच्या स्वप्नाची गरज नाही. जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या गुळवेलीचे नमुने गावोगावहून गोळा करून त्यांत खरी गुळवेल किती आणि दुसरी वेल किती, हे तपासता येईल. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे ते. वैदूंकडच्या मुळ्यांत सापसण कुठे वापरात आहे आणि कशासाठी, हे त्यांच्याशी आदराने बोलून नोंदवता येईल. त्यांचे नाव आणि हक्क राखून. आणि सगळ्यांत सोपे, सगळ्यांत दुर्लक्षित काम दवाखान्यातले. काढा घेतो हे सांगितले तर डॉक्टर रागावतील म्हणून रुग्ण गप्प बसतो. डॉक्टरही विचारत नाही. केसपेपरवर रक्तदाब आणि साखरेच्या शेजारी आणखी एक ओळ हवी: कोणता झाडपाला, कुठून आणला, किती दिवस. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१८ पासून देशात आहे. अकोल्यातल्या किंवा जामखेडच्या एखाद्या बाईचे यकृत काढ्यानंतर बिघडले, तर तिची माहिती त्या यंत्रणेपर्यंत आठवड्याभरात पोहोचावी. आणि एखाद्याला त्याच काढ्याने खरोखर गुण आला असेल, तर तीही नोंद तितक्याच काळजीने, तारीख आणि मात्रेसह, लिहिली जावी.